राखाडी कमेंट

कोड रंगवणाऱ्या तयार थीम, म्हणजे रंगांचे तयार संच, शंभर बघा, एका बाबतीत त्यातल्या बऱ्याचशा सारख्याच वागतात. कीवर्ड, म्हणजे भाषेचे राखीव शब्द, ठसठशीत, स्ट्रिंग, म्हणजे अवतरण चिन्हांतला मजकूर, रंगीत, आकडे उठून दिसणारे, आणि कमेंट, म्हणजे प्रोग्राममध्ये फक्त माणसांनी वाचायला लिहिलेली टीप, मात्र राखाडी. जमलं तर तिरकी सुद्धा. कमेंट म्हणजे बाजूला सारायची गोष्ट, नजर तिच्यावरून घसरून खालच्या ओळीवर गेली पाहिजे, असं त्यामागचं गृहीत. ज्याला भाषा येते आणि जो दिवसभर कोडच वाचतो, त्याच्यासाठी ते बरोबरही असेल. मी अमळनेरला शिकवते. माझ्यासमोर बसणारी मुलं पारोळा, चोपडा, धरणगाव, एरंडोल या बाजूची. घरात अहिराणी, शाळेत मराठी, आणि कॉलेजात आल्यावर एकदम इंग्रजी पुस्तकातून सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायची. त्यांच्या प्रोग्राममध्ये ‘फॉर’ आणि ‘व्हाइल’ हे शब्द फळ्यावरून उतरवलेले असतात. त्यांना स्वतःला काय समजलं, ते मराठीत लिहिलेल्या कमेंटमध्ये असतं. आणि नेमकं तेच आपण फिकं करून ठेवतो.

हे सगळं मनात घोळायला लागलं ते एका छोट्या वेब अॅप्लिकेशनमुळे. प्रॅक्टिकलचे प्रोग्राम मुलांनी तिथे टाकायचे, मी वाचायचे, शेरा द्यायचा, सत्र संपताना जर्नलसाठी तिथूनच छापून घ्यायचे, इतकंच त्याचं काम. सुरुवातीला कोड साधा, एकरंगी दिसायचा. मुलं तो फोनवर वाचतात. एसटीत, सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीत, शेतात वीज यायची वाट बघताना. पाच इंची पडद्यावर काळ्या अक्षरांच्या चाळीस ओळींत कंस कुठे बंद झाला हे शोधणं कठीणच. म्हणून कोडला रंग द्यायचं ठरवलं. काम लहान वाटत होतं. एखादी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, जोडायची आणि मोकळं व्हायचं. जोडायला खरंच वेळ लागत नाही. वेळ लागतो तो आपला वाचणारा कोण आहे हे ठरवायला.

खरं तर रंग बराच उशिरा आला. १९६० साली अल्गॉल या प्रोग्रामिंगच्या भाषेचा अहवाल छापला गेला, तेव्हा त्यात ‘बिगिन’, ‘एंड’, ‘इफ’ हे शब्द ठळक टाइपात होते. हाताने किंवा टाइपरायटरवर लिहिताना तेच शब्द अधोरेखित करायचे. म्हणजे भाषेचे राखीव शब्द आणि प्रोग्रामरने ठेवलेली नावं डोळ्याला वेगळी दिसली पाहिजेत, ही गरज कागदाच्या काळापासूनची. पुढे १९८५ मध्ये आयबीएमच्या माइक कॉलिशॉ यांनी लेक्स नावाचा एडिटर, म्हणजे मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम, लिहिला, आणि तो प्रोग्रामरांसाठी नव्हे तर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संगणकीकरणासाठी होता. शब्दकोशाच्या एका नोंदीत मूळ शब्द, व्युत्पत्ती, अर्थ, अवतरणं असं सगळं खच्चून भरलेलं असतं. टाइप करता करता ते भाग रंगांनी वेगळे दिसावेत, ही सोय त्यात होती. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पडद्यावर मजकूर रंगवण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांतला एक मोठा प्रयत्न माणसांची भाषा नीट वाचता यावी म्हणून झाला होता.

आता रंगवणारा प्रोग्राम नेमकं काय करतो ते सांगते, कारण वर्गात हे समजावल्यावर मुलांचं कोडकडे बघणंच बदलतं. तो कोड चालवत नाही, त्याला अर्थही कळत नाही. तो डावीकडून उजवीकडे अक्षरं वाचत जातो आणि तुकडे पाडतो: हा कीवर्ड, हे नाव, हा आकडा, ही स्ट्रिंग, ही कमेंट. या तुकड्यांना टोकन म्हणतात आणि पाडणाऱ्याला लेक्सर. प्रत्येक प्रकार ओळखायला एक नियम असतो, बहुधा रेग्युलर एक्स्प्रेशनच्या, म्हणजे अक्षरांचा नमुना सांगणाऱ्या सूत्राच्या रूपात. मग प्रत्येक तुकड्याभोवती स्पॅन टॅग, म्हणजे वेब पानातली एक खूण, गुंडाळला जातो, त्याला क्लास, म्हणजे गटाचं नाव, मिळतो, आणि कोणत्या क्लासला कोणता रंग हे सीएसएस, म्हणजे पानाच्या रूपाचे नियम, ठरवतं. कसब आहे ते नियमांच्या क्रमात. दोन तिरक्या रेघांपासून कमेंट सुरू होते हा नियम आधी लावला, तर अवतरण चिन्हांत लिहिलेल्या वेबसाइटच्या पत्त्यातल्या दोन रेघा सुद्धा कमेंट ठरतील आणि अर्धा पत्ता फिका पडेल. स्ट्रिंगमध्ये शिरल्यावर स्ट्रिंग संपेपर्यंत बाकीचे नियम बाहेर थांबले पाहिजेत. चांगल्या लेक्सरला ‘मी आता कशाच्या आत आहे’ याचं भान असतं.

याच भानाचा मुलांना सगळ्यात मोठा उपयोग होतो. शेवटचं अवतरण चिन्ह विसरलं, की पाटाचं दारं मोडल्यावर पाणी जसं शेजारच्या वाफ्यात शिरतं तसा स्ट्रिंगचा रंग पुढे पसरतो. अनेक ओळींची ब्लॉक कमेंट बंद करायची राहिली तर उरलेला अख्खा प्रोग्राम कमेंटच्या रंगाचा होतो. प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या कंपाइलरचा निरोप इंग्रजीत येतो आणि कित्येकदा भलत्याच ओळीचा क्रमांक दाखवतो. रंग मात्र गळती जिथून सुरू झाली तिथेच बोट ठेवतो. आणखी एक दुखणं आमच्याकडे फार असतं. मुलं प्रोग्राम एकमेकांना फोनवरून पाठवतात, मध्ये तो वर्डमध्ये उघडला जातो, आणि सरळ अवतरण चिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं येऊन बसतात. डोळ्याला फरक कळत नाही. कंपाइलर अडून बसतो. लेक्सर मात्र वळणदार चिन्हांना स्ट्रिंगची सुरुवात मानत नाही, त्यामुळे त्या ओळीत स्ट्रिंगचा रंगच उमटत नाही. ‘प्रिंटएफ’च्या कंसातला मजकूर रंगला नसेल तर आधी अवतरण चिन्हं बघायची, हे आता पहिल्या वर्षाच्या मुलांनाही पाठ झालं आहे.

पण रंगावर किती विसंबायचं हेही त्यांना दाखवावं लागतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जाणं नवलाचं नाही, त्यामुळे सेल्सिअसचं फॅरनहाइट करण्याचा प्रोग्राम सगळ्यांच्या आवडीचा. ४५ अंशांचे ११३ व्हायला हवेत. सूत्र लिहिताना ९ भागिले ५ कंसात लिहिलं आणि दोन्ही पूर्णांक ठेवले, तर सी त्याचं उत्तर १ काढते, आणि जळगावचा उन्हाळा ७७ फॅरनहाइटवर येतो. पडद्यावर सगळे रंग जागच्या जागी असतात. कीवर्ड कीवर्डच्या रंगात, स्ट्रिंग स्ट्रिंगच्या रंगात, कुठे काही सांडलेलं नाही. लेक्सरच्या दृष्टीने ९ हा आकडा आहे आणि ५ हाही आकडा आहे, विषय संपला. त्यांचा भागाकार केल्यावर काय होतं, हे बघणं त्याचं काम नाही. ही चूक समजलेल्या एका मुलीने त्या ओळीवर कमेंट लिहिली होती: ‘इथं ९ला ५नं भागलं तर १च येतो, दशांश गळतो, म्हणून ९.० लिहायचं.’ संपूर्ण प्रोग्राममध्ये शिकल्याचा पुरावा असलेली ती एकच ओळ, आणि तयार थीमने ती राखाडी करून ठेवली असती.

कमेंटकडे पुन्हा येणारच आहे. त्याआधी एक गोष्ट, जी कोड दाखवणाऱ्या कुठल्याही पानावर रंगाच्याही आधी व्हायला लागते. कोड हा मजकूर आहे हे ब्राउझरला सांगावं लागतं. तो ज्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेब पानाच्या भाषेत, टाकायचा, तिथे लेस दॅन (<) आणि अँपरसँड (&) या चिन्हांना स्वतःचा अर्थ आहे. वर्गात मी हे मुद्दाम करून दाखवते. सीचा प्रोग्राम तसाच्या तसा पानात टाकायचा आणि उघडायचा. पहिल्या ओळीत नुसतं ‘हॅश इन्क्लूड’ दिसतं, पुढचं ‘स्टडीआयओ डॉट एच’ गायब, कारण कोनी कंसातलं सगळं म्हणजे टॅग अशी ब्राउझरची समजूत. मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘‘मॅडम, मनी हेडर फाइल कोठे गई?’’ मग फॉर लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारा भाग, बघायचा. ‘आय’, मग लेस दॅन, मग जागा न सोडता ‘एन’ असं लिहिलं असेल, तर तिथपासून पुढचा ग्रेटर दॅन (>) सापडेपर्यंतचा सगळा मजकूर नाहीसा होतो. लेस दॅननंतर एक जागा सोडली असेल तर तोच लूप शाबूत राहतो. अँपरसँडची गंमत याहून न्यारी. तापमानाच्या प्रोग्राममध्ये आकडा वाचून घेणाऱ्या ‘स्कॅनएफ’ला अँपरसँड लावून ‘डिग्री’ (degree) नावाचं व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायची जागा, दिलं, तर त्या स्पेलिंगची पहिली तीन अक्षरं ब्राउझर अंशाच्या चिन्हाचा संकेत समजतो, पडद्यावर एक छोटं गोल उमटतं आणि त्याच्यापुढे नुसतं ‘री’ उरतं.

म्हणून ही चिन्हं आधी त्यांच्या सुरक्षित संकेतांत बदलायची, मगच स्पॅन गुंडाळायचे. हा क्रम उलटला की गोंधळ. यात सुरक्षेचाही भाग आहे. एचटीएमएलच्या प्रॅक्टिकलमध्ये कुणी स्क्रिप्ट टॅग लिहिला, तर तो पानावर दिसला पाहिजे, चालता कामा नये. कोड रंगवणाऱ्या हायलाइट डॉट जेएस या लायब्ररीने २०२१ मध्ये ११वी आवृत्ती काढली, तेव्हापासून कोडच्या तुकड्यात न बदललेलं एचटीएमएल सापडलं की ती इशारा देते. मला हा कडकपणा पटतो.

लायब्ररी कोणती घ्यायची यावर मी बराच विचार केला. इव्हान सगालायेव यांची हायलाइट डॉट जेएस २००६ पासूनची, लिआ व्हेरू यांची प्रिझम २०१२ची. दोन्ही ब्राउझरमध्ये रंगवतात. जॉर्ज ब्रांडल यांची पिग्मेंट्स सुद्धा २००६ची, पण ती पायथन या भाषेत लिहिलेली आणि सर्व्हरवर चालणारी. शिकी ही लायब्ररी अलीकडची, व्हीएस कोड हा एडिटर टेक्स्टमेट नावाच्या ज्या नियमसंचांवर रंगवतो तेच ती वापरते, त्यामुळे रंग बारकाईने येतात. माझी निवड पिग्मेंट्सवर येऊन थांबली, आणि त्याचं पहिलं कारण फोन. मोठ्या भावाने वापरून झालेला फोन धाकट्याकडे येतो, त्याच्या ब्राउझरवर जास्तीचं ओझं टाकायचं नाही. सर्व्हरने एकदा रंगवून ठेवायचं, फोनने फक्त दाखवायचं. मुलाने टाकलेला मूळ मजकूर मात्र अक्षराचाही बदल न करता वेगळा साठवायचा. रंगवलेली प्रत ही केव्हाही फेकून पुन्हा करता येणारी गोष्ट. मूळ एकदा गेलं की गेलं.

भाषा आपोआप ओळखण्याची सोय हायलाइट डॉट जेएसमध्ये आहे आणि ती नावाजलेली आहे. मी ती कल्पना वापरली नाही. तीन ओळींच्या तुकड्यात सी, सी प्लस प्लस आणि जावा वेगळ्या ओळखण्याजोगं काही नसतंच. अंदाज चुकला की रंग चुकतात, आणि नवशिक्या मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलंय. त्यापेक्षा सहा भाषांची यादी द्यायची आणि मुलाने स्वतः निवडायची. आपण कोणत्या भाषेत लिहितोय हे त्याला सांगता आलंच पाहिजे.

पिग्मेंट्स घेण्याचं दुसरं कारण देवनागरी. आणि इथे खरं काम सुरू झालं.

रंगवणाऱ्या बऱ्याच नियमांत ‘शब्द’ म्हणजे ए ते झेड, अंक आणि अंडरस्कोअर असं धरलेलं असतं. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये शब्दातलं अक्षर दाखवणारा जो नेहमीचा संकेत आहे, त्यात देवनागरीचं एकही अक्षर बसत नाही. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीच्या, गुणधर्मांवरून अक्षरं पकडण्याची सोय त्या भाषेत २०१८च्या आवृत्तीपासून आली. पायथनमधला तोच संकेत क, म, त ओळखतो, पण मात्रा आणि अनुस्वार ओळखत नाही. पायथन ३मध्ये तर व्हेरिएबलला ‘किंमत’ हे नाव सरळ देता येतं, भाषा ते मान्य करते. पण त्या साध्या संकेताने ‘किंमत’ पकडायला गेलं की हाती येतो ‘क’, मग वेलांटी आणि अनुस्वार बाहेर, मग ‘मत’. शब्दाचे असे तुकडे वेगवेगळ्या स्पॅनमध्ये गेले आणि त्यातल्या एकाची जाडी बदलली, की वेलांटी आपल्या अक्षराला सोडून ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसते. मराठी माणसाला ते बघवत नाही. पिग्मेंट्सचा पायथन लेक्सर नावासाठी युनिकोडची अधिकृत यादी वापरतो, त्यात मात्राही येतात, त्यामुळे ‘किंमत’ एकसंध राहते.

अंकांचं वेगळंच. पायथनला अवतरण चिन्हांत ‘४५’ देऊन त्याचा पूर्णांक करायला सांगितलं तर तो बिनतक्रार ४५ करून देतो. तोच ४५ अवतरण चिन्हांशिवाय प्रोग्राममध्ये लिहिला तर मात्र चूक दाखवतो. आणि पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये अंकाचा जो संकेत आहे, तो देवनागरी अंकालाही अंकच मानतो. म्हणजे बेसावध लिहिलेला नियम हा ४५ आकड्याच्या रंगात रंगवून मोकळा होईल, आणि मूल समजेल की सगळं ठीक आहे. मराठी कीबोर्ड चालू असताना आकडे देवनागरीत पडणं आमच्याकडे रोजचं आहे. म्हणून मी पिग्मेंट्सला एक छोटा फिल्टर, म्हणजे पाडलेले तुकडे पुन्हा तपासणारा भाग, जोडला: आकड्याच्या टोकनमध्ये देवनागरी अंक आला तर त्याखाली लाल रेघ. स्ट्रिंगमध्ये किंवा कमेंटमध्ये आला तर काहीही नाही, तिथे तो हक्काने राहतो.

लांबी मोजण्याचा प्रश्नही याच घरातला. ‘केळी’ हा शब्द डोळ्याला दोन अक्षरांचा. पायथन त्याची लांबी ४ सांगतो, कारण क, एक मात्रा, ळ, दीर्घ ई, अशी चार युनिकोड चिन्हं. सीमध्ये लांबी मोजणाऱ्या ‘स्ट्रलेन’ला तोच शब्द यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, दिला की उत्तर १२, कारण प्रत्येक चिन्हाला तीन बाइट. केळीच्या पट्ट्यातल्या रावेर-यावलच्या मुलांना हा प्रोग्राम दिला की वर्गात नुसती खळबळ उडते. रंगवण्याशी याचा संबंध असा, की रंगवणाऱ्याने बाइट मोजले आणि ब्राउझरने अक्षरं मोजली, तर पहिल्या मराठी शब्दानंतर सगळे रंग पुढे सरकतात. कीवर्डचा रंग बाजूच्या नावावर, नावाचा रंग कंसावर. मराठी मजकुरासकट तपासून बघितल्याशिवाय कुठलाही हायलायटर आपल्या पानावर घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि ओळींची उंची. कोडसाठी घेतलेल्या समान रुंदीच्या फाँटमध्ये देवनागरी नसते, म्हणून ब्राउझर मराठीसाठी दुसरा फाँट उसना घेतो, फोनवर बहुधा नोटो, विंडोजवर निर्मला. त्या फाँटला वर मात्रेसाठी आणि खाली उकारासाठी जास्त जागा लागते. ओळीची उंची ठरवून दिलेली नसेल तर मराठी कमेंट असलेली ओळ बाकीच्यांपेक्षा उंच होते आणि बाजूचे ओळ क्रमांक हळूहळू खाली-वर व्हायला लागतात. उंची नक्की करून दिली, अक्षराच्या पावणेदोन पट, की सगळं रांगेत येतं आणि ‘मूल्य’मधला ऊकार खालच्या ओळीत घुसत नाही.

आता कमेंट. प्रिझमच्या मूळ थीममध्ये कमेंटचा रंग स्लेटग्रे आहे, फिकट बदामी पार्श्वभूमीवर. त्या दोन रंगांतल्या उजेडाचं गुणोत्तर काढलं तर साधारण ३.६ येतं. वेबवरचा मजकूर सगळ्यांना वाचता यावा म्हणून जे निकष जगभर मानले जातात, ते साध्या आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५ मागतात. चैत्र-वैशाखातल्या उन्हात, बॅटरी वाचवायला उजेड कमी करून ठेवलेल्या फोनवर, ३.६ म्हणजे वाचणाऱ्याने डोळे बारीक करायचे. काही थीममध्ये तर ते तिरकंही असतं. देवनागरीला तिरक्या अक्षरांची परंपरा नाही. फाँटमध्ये तिरकं रूप नसलं की ब्राउझर सरळ अक्षरच ढकलून वाकडं करतो, शिरोरेषेवरच्या मात्रा एका बाजूला कलतात.

सगळ्याच कमेंट गडद केल्या असत्या तर तेही बरोबर झालं नसतं. मुलं एखादी ओळ चालत नाही म्हणून तिच्यापुढे दोन रेघा मारून ठेवतात, काढून टाकत नाहीत. अशी बंद केलेली ओळ खरोखरच मागे राहिली पाहिजे. मग लेक्सरने कमेंट म्हणून दिलेल्या तुकड्यात देवनागरी अक्षर आहे का, एवढंच फिल्टरला बघायला सांगितलं. असेल तर ती समजावणारी कमेंट, तिला वेगळा क्लास, आणि ही मराठी आहे अशी खूण, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडरही ती मराठीत वाचेल. नसेल तर नेहमीची कमेंट. समजावणारी कमेंट गडद हिरव्या रंगात, सरळ, कोडपेक्षा किंचित मोठी. पानावर सगळ्यात आधी दिसते तीच. कीवर्ड निळे आणि ठळक, स्ट्रिंग तपकिरी, बाकी सगळं काळं. आकड्यांना मी वेगळा रंग दिलाच नाही. लाल आणि हिरवा शेजारी ठेवायचे नाहीत, कारण तो फरक न दिसणारी मुलं वर्गात असतात आणि ती सांगत नाहीत. पार्श्वभूमी पांढरी. काळी थीम मुलांना आवडते, पण उन्हात काळ्या काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो.

याचा एक परिणाम मी धरलेला नव्हता. बरीच मुलं मराठी कमेंट इंग्रजी अक्षरांत लिहीत. त्या फिल्टरच्या लेखी इंग्रजीच, म्हणून राखाडीच राहिल्या. शेजाऱ्याची ओळ हिरवी आणि आपली का नाही, अशी विचारणा झाली, आणि दोन-तीन प्रॅक्टिकलांत फोनवरचे मराठी कीबोर्ड बाहेर निघाले. एकाने ‘आठे ध्यान दे’, म्हणजे इथे लक्ष दे, अशी अहिराणीत लिहिली. तीही हिरवी झाली, अर्थातच. जी मुलं व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, ‘मॅडम, माले समजनं नही’ म्हणून मान खाली घालत, त्यांच्या कमेंट वाचल्यावर कळतं की समजलेलं खूप असतं, फक्त ते इंग्रजीत विचारल्यावर बाहेर येत नाही.

यावर आक्षेप येतो आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. पुण्याला नोकरीला गेल्यावर कमेंट इंग्रजीतच लिहायच्या आहेत, मग ही सवय कशाला? माझं म्हणणं, ज्याला आपण काय केलं ते आपल्या भाषेत एका वाक्यात मांडता येतं, त्याला ते वाक्य इंग्रजीत नेता येतं. ज्याने कधी मांडलंच नाही, तो इंग्रजीत ‘इथे लूप आहे’ एवढंच लिहितो. शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून मी दोन्ही भाषांत लिहून घेते.

रंगामुळे कोड अधिक समजतो का, यावर अभ्यास झालेले आहेत. २०१५ मध्ये अद्वैत सरकार यांनी वाचणाऱ्यांच्या नजरेचा माग काढून केलेल्या छोट्या अभ्यासात रंगामुळे कोड लवकर समजतो असं दिसलं, आणि अनुभव वाढत जातो तसा तो फायदा कमी होतो. २०१८ मध्ये ‘एम्पिरिकल सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ या नियतकालिकात छापलेल्या अभ्यासात ३९० नवशिक्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांच्या अचूकतेत रंगाने काहीही फरक पडलेला आढळला नाही. दोन्ही मी मानते. रंग दिला म्हणून माझी मुलं हुशार होतील असं मला कधीच वाटलं नाही. कोडचा कोणता भाग महत्त्वाचा हे रंग न बोलता सांगत असतो, आणि ते रोज सांगत असतो. माझ्या पानाने त्यांना हे सांगावं, की तू जे स्वतःच्या शब्दांत लिहिलंस ते सगळ्यात आधी वाचलं जाणार आहे.

सध्या छपाईचं काम हातात आहे. जर्नल कागदावरच द्यावं लागतं आणि कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात रंगीत छपाई परवडत नाही. काळ्या-पांढऱ्यात निळा, तपकिरी आणि हिरवा हे तिन्ही जवळपास एकाच छटेचे करडे होतात, म्हणून छपाईसाठी सीएसएसचे नियम वेगळे लिहिले. कीवर्ड अल्गॉलच्या काळासारखे ठळक. स्ट्रिंग साधी. लांब ओळ कागदाच्या बाहेर न जाता खाली वळणारी. ओळ क्रमांक छापले जातात, पण पडद्यावरून कोड कॉपी करताना सोबत येत नाहीत. समजावणारी कमेंट पूर्ण काळी, सरळ, कोडच्याच आकाराची, आणि तिच्या डाव्या बाजूला एक बारीक उभी रेघ, म्हणजे परीक्षकाची नजर आधी तिथे जाईल. दुकानातल्या प्रिंटरची शाई संपत आलेली असते तेव्हा बारीक रेघ उमटत नाही, म्हणून तिची जाडी किती ठेवावी याचे नमुने काढणं चालू आहे.